सुनेच्या नावाचं रक्त

मनकर्णाबाईच्या टोळीत एक रीत होती. कांदा काढायला बसलं की प्रत्येक बाईला आपापला वाफा. जिचं अंग बरं नसेल, जिचं लेकरू बांधावर रडत असेल, ती मागं पडायचीच. मग जिचा वाफा आधी उरकला ती उठायची, मागं पडलेलीच्या वाफ्यात जाऊन बसायची आणि गुमान कांदे उपटायला लागायची. त्याचा हिशेब नाही, उपकार नाही, आणि नंतर बोलून दाखवणं तर बिलकुल नाही. एकदा एकीनं बोलून दाखवलं, तर मनकर्णाबाईनं पुढं कितीतरी दिवस तिला कामाला हाकच मारली नव्हती.

वैजापूर तालुक्यातल्या त्या गावात उन्हाळ कांद्याचा हंगाम आला की मनकर्णाबाईला मोठा भाव यायचा. एरवी ती रामकिसनची बायको आणि गोकुळची आई. हंगामात मात्र ज्याच्या रानात कांदा, तो तिच्या दारात. औंदा बद्रीनाथचं विहिरीजवळचं मोठं रान तिनं उक्तं घेतलं होतं. उक्तं म्हणजे रान उरकेल तेव्हा काम संपलं, मग दिवस किती का लागेनात. त्यामुळं बाया अंधारातच घरून निघायच्या. अंगात नवऱ्याचा जुना शर्ट, तोंडाला डोळे तेवढे सोडून गुंडाळलेला रुमाल. दिवस वर आला तरी कोण कोणती हे खोकल्यावरूनच ओळखायचं.

आता असल्या रानात बाईमाणसानं लघवीला जायचं कुठं? कांद्याच्या वावरात आडोसा कसला, गुडघ्याएवढी पात, तीही कापून टाकलेली. बांधावर ट्रॅक्टर आणि ट्रॅक्टरवर गडी. म्हणून बाया जायच्या ते पहाटे निघताना आणि मग थेट दिवस मावळल्यावर. मधल्या वेळात पाणी ओठ ओले करण्यापुरतं. दुपारी कंबर बोलायला लागली की गोळी. गोळ्यांची पट्टी मनकर्णाबाईच्या कनवटीला असायची. किराणा दुकानातून ती स्वतः आणायची, भाकरीचा पहिला घास झाला की एकेकीच्या तळहातावर एकेक ठेवायची आणि स्वतः दोन खायची. आपण टोळीची किती काळजी घेतो, याचं तिला त्या वेळी फार समाधान वाटायचं.

चैत्राच्या तोंडावर संभाजीनगरच्या एका दवाखान्याची गाडी शाळेच्या पटांगणात आली. डॉक्टर विशाखा नावाची, आवाज न चढवता बोलणारी बाई, आणि तिच्या हाताखाली रक्त काढणारा अभय. गावची आशाताई सोनिया बायांना गोळा करून घेऊन आली. डॉक्टरीणबाईंनी सांगितलं ते थोडक्यात असं. उन्हात घाम गाळायचा, पाणी प्यायचं नाही आणि वरून गोळ्या खायच्या, यानं किडनीला मार बसतो. नेहमीच्या तपासणीत तो लवकर दिसत नाही, बरीच किडनी कामातून जाईपर्यंत ती तपासणी सगळं ठीक म्हणते. पण मार बसला की काही तासांतच रक्तात एक प्रोटीन वाढतं. ते मोजलं तर वेळेवर कळेल. म्हणून काम सुरू करायच्या आधी एकदा आणि उन्हातून आल्यावर एकदा रक्त हवं होतं, आणि तेही चाळिशीच्या आतल्या बायांचंच.

मनकर्णाबाईनं चाळिशी केव्हाच मागं टाकलेली. म्हाताऱ्या गायीला बाजार नाही, म्हणून ती हसली, पण मनाला लागलंच. टोळीतच कामाला येणाऱ्या सुनेनं, तनुजानं, मात्र हौसेनं नाव दिलं. बारावी झालेली पोरगी, तिला असल्या गोष्टींचं अप्रूप.

घरी कडूबाईनं ते ऐकलं. कडूबाई ही रामकिसनची थोरली बहीण, नवरा गेल्यापासून भावाकडंच असायची आणि घरात तिच्या शब्दाला वजन होतं. अंगावर पाजणाऱ्या बाईचं रक्त काढलं की दूध आटतं, असं तिनं ठासून सांगितलं. तनुजाची पोरगी अजून आईच्या दुधावरच होती. तनुजा म्हणाली, असं काही नसतं. रामकिसन म्हणाला, नसेल, पण परीक्षा कशाला बघायची? नाव तर देऊन झालेलं, आता मागं घ्यावं तर सोनियाला तोंडघशी पाडल्यासारखं होणार. मनकर्णाबाईला यात अवघड असं काही दिसलंच नाही. सुनेचा वाफा मागं राहिला होता, तो तिनं उरकायचा होता.

पहाटे शाळेच्या ओसरीत ती खुर्चीवर बसली. अभयनं नाव विचारलं, तिनं रुमालातूनच सांगितलं, तनुजा गोकुळ. मागं रांग, उजेड अंधुक, आणि कांद्याच्या चिकानं काळे पडलेले हात सगळ्या बायांचे सारखेच. अभय नवा होता आणि घाईत होता. त्यानं नळी भरली, नावाची चिठ्ठी चिकटवली. संध्याकाळी पुन्हा तीच खुर्ची आणि तेच नाव. घरी येऊन मनकर्णाबाईनं सुनेला सांगितलं, तेव्हा दोघी पदर तोंडाला लावून हसल्या.

आठवडाभरानं सोनिया दारात आली. तनुजाच्या रक्तात ते प्रोटीन फार वाढलंय, असा दवाखान्यातून फोन आला होता. रामकिसन बाजेवर बसला होता, तो खूश झाला. अंगणवाडीच्या भिंतीवर त्यानं प्रोटीनची महती कितीदा वाचलेली.

"वाढलं तर चांगलंच की," तो म्हणाला. "नातीला दूध सकस मिळंल."

सोनियाला कपाळावर हात मारून घ्यावासा वाटला. तिनं समजावून सांगितलं की हे दाळीतलं प्रोटीन नव्हे, हे किडनीला मार बसल्याची खूण आहे. सकाळी जास्त होतं आणि उन्हातून आल्यावर आणखी चढलं होतं. नेहमीची तपासणी अजून ठीक आहे, म्हणजे वेळेत सापडलंय, पण तनुजानं रानात जायचं नाही, गोळी खायची नाही आणि शहरात येऊन पुन्हा रक्त द्यायचं. एवढं सांगून ती गेली.

मग कडूबाईची जीभ सुटली. हे दुखणं पोरीनं माहेरूनच आणलं, लग्नाआधी लपवून ठेवलं, असा तिनं निकालच लावला. रामकिसननं व्याह्याला फोन लावायला घेतला, कसाबसा थांबला. वाळूजच्या कंपनीतून गोकुळ फोनवर म्हणाला, मोठी माणसं सांगतील तसं करा. आणि मोठ्या माणसांनी, म्हणजे कडूबाईनं, सांगितलं की आजारी बाईचं दूध लेकराला पाजायचं नाही. दुसऱ्या दिवशी वैजापूरहून पावडरच्या दुधाचा डबा आणि बाटली आली.

या सगळ्यात मनकर्णाबाई लसूण सोलत बसली होती. ते रक्त आपलं आहे, हे तिला सोनियाचं पहिलं वाक्य संपायच्या आतच कळलं होतं. तिचा धाकटा भाऊ किडनीपायीच गेलेला. रक्त धुवायच्या मशीनवरून आला की चिपाडासारखा बाजेवर पडून राहायचा, पाण्याचा घोटही मोजून मिळायचा. तो तिच्या डोळ्यांसमोर आला. रानात सोळा आणे मर्दासारखी वागणारी ही बाई घाबरली होती, दुसरं काही नाही. त्यात बद्रीनाथचं निम्मं रान अजून मातीत होतं. चुलीपाशी तिनं सुनेला हळूच सांगितलं, चार दिवस दम धर, रान उरकू दे, मग मी बघते. तनुजानं मान डोलावली.

दुसऱ्या दिवशी मनकर्णाबाई रानात गेली. विळ्यानं पात कापताना तिचं सगळं ध्यान स्वतःच्या अंगाकडं. कंबर रोजच दुखायची, आज ती वेगळी दुखतेय का? पाय रोजच जड, आज जास्त जड आहेत का? कुठंच काही नवं सापडेना, आणि त्याचीच जास्त भीती वाटायला लागली. दुपारी तिनं बायांना गोळ्या वाटल्या. स्वतःची तोंडात टाकली, पाण्याच्या एका घोटाबरोबर गिळायला गेली, तर ती नरड्यातच अडकली. खोकून खोकून डोळ्यांत पाणी आलं.

संध्याकाळी घरी आली तर आत पोरगी बाटली ढकलून रडत होती. कडूबाई तिला मांडीवर थोपटत होती. तनुजा दिसेना. मनकर्णाबाई हातपाय धुवायला गोठ्याकडं गेली, तर गोठ्यामागं तनुजा भिंतीला टेकून उकिडवी बसलेली. छातीला गाठी आल्या होत्या, झंपर भिजला होता, आणि दात आवळून ती दूध मातीत पिळून टाकत होती. सासूला बघून तिनं पदर ओढून घेतला नाही.

"आत्याबाई, रक्त तुमचं गेलं आन दूध माझं चाललंय," ती म्हणाली. "अजून किती दिवस गप बसू, तेवढं सांगा."

तिच्या आवाजात भांडण नव्हतं. असतं तर मनकर्णाबाईला सोपं गेलं असतं. करायला गेली एक आणि झालं भलतंच. दूध आटू नये म्हणून दिलेल्या रक्तानंच दूध बंद पाडलं होतं, आणि हे होत असताना आपण लसूण सोलत बसलो, याची तिला मनापासून लाज वाटली. हातपाय न धुताच ती घरात गेली.

"वन्सं, पोरगी द्या इकडं."

कडूबाईनं काही विचारायच्या आत मनकर्णाबाईनं नात उचलून मागोमाग आत आलेल्या तनुजाच्या हातात दिली आणि मधघरात उभी राहून सगळ्यांना ऐकू जाईल असं बोलली.

"ते रक्त माझं व्हतं. नाव तिचं सांगितलं. किडनीला मार बसला आसंल तर माझ्या बसलाय. तिच्या म्हायेराला मधी आणायचं नाय, आन तिच्या दुधालाबी."

कडूबाई तोंड उघडून तशीच बसली. रामकिसन बायकोकडं बघत राहिला. आयुष्यात तो तिला कधी गोड बोललेला नव्हता.

"मंग आज उन्हात कांदे उपटायला कामून गेली?" त्यानं विचारलं, आणि त्याचा आवाज फाटला.

आत पोरगी चुटुचुटु पीत होती.

सकाळच्या गाडीनं सासू-सुना लेकराला घेऊन संभाजीनगरला निघाल्या. क्रांती चौकातून चालत जाण्यासारखा दवाखाना, पण विचारत विचारत जायला उशीर झाला. डॉक्टर विशाखांनी सगळं ऐकून घेतलं आणि आधी अभयला बोलावलं. सगळ्यांसमोर विचारलं, चेहरा बघितला होता का? पोराचं तोंड उतरलं. मनकर्णाबाईला ते स्वतः बोलणी खाण्यापेक्षा जड गेलं. ती मध्ये पडायला गेली, तर डॉक्टरीणबाईंनी हातानंच थांबवलं.

"आणखी कितीजणींनी असं केलं?"

मनकर्णाबाई छातीवर हात ठेवून 'कुणीच नाय' म्हणणार होती, पण तिला आपली टोळी ठाऊक होती. जी दुसरीचा वाफा न सांगता उरकते, ती दुसरीची खुर्चीही न सांगता धरील. मला विचारावं लागंल, असं ती खाली बघत म्हणाली.

"तुम्हाला वाटलं, तुम्ही मदत केली," डॉक्टरीणबाई म्हणाल्या. आवाज तेवढाच, पण शब्द टोचणारे. "नळीला सासू-सून कळत नाही. जिला जपायचं ती उन्हात राहिली आणि जी धडधाकट तिचं दूध तोडलं. आता तुमच्या गावची प्रत्येक नळी मला संशयानं बघावी लागणार."

मनकर्णाबाईनं सबब सांगितली नाही. तोंडावरचा पदर मागं सारला, झंपराची बाही वर केली आणि हात टेबलावर ठेवला. आता माझं माझ्या नावानं काढा, म्हणाली, आणि नाव सांगताना तिनं बापाचं, नवऱ्याचं, गावाचं, सगळंच सांगून टाकलं. अभयनं या वेळी दोनदा तोंडाकडं बघितलं.

रक्त काढून झाल्यावर तिनं एकच विचारलं. नेहमीची तपासणी चांगली आली ना, मग घाबरायचं कशाला? डॉक्टरीणबाईंनी सांगितलं की ती तपासणी किडनीचं काम किती शिल्लक आहे हे सांगते, आत्ता मार बसतोय का हे सांगत नाही. हे प्रोटीन एकटं काही सगळं सांगत नाही, दुसऱ्या दुखण्यानंही वाढतं, पण कामानंतर चढतंय म्हटल्यावर डोळेझाक करता येत नाही. मनकर्णाबाईनं मान डोलावली. वरून टणक दिसणाऱ्या कांद्याची मान दाबली की कधीकधी बोट आत जातं, हे तिच्या रोजच्या हाताखालचं होतं.

"ताजा मार हाये म्हंजे भरून निघंल का?"

"आत्ता थांबलात तर निघेल. पुन्हा पुन्हा बसला तर नाही निघणार."

तनुजाचंही रक्त तिथंच काढलं, ते निर्मळ आलं. रक्त काढून दूध आटत नाही, हेही डॉक्टरीणबाईंनी लिहून न देता तोंडानं सांगितलं आणि तनुजानं घरी येऊन कडूबाईला शब्द न् शब्द ऐकवला. कडूबाई म्हणाली, आमच्या वेळी आटायचं. पण पावडरचा डबा तिनंच फळीवर मागं सरकवला.

मनकर्णाबाईच्या रक्तात ते प्रोटीन अजून वरच होतं. मग तिला घरी बसावं लागलं, आणि तिच्यासारख्या बाईला बसणं म्हणजे शिक्षाच. तनुजा घागर भरून समोर ठेवायची आणि तांब्या रिकामा झाल्याशिवाय हलायची नाही. तिच्यावाचून बद्रीनाथच्या रानातलं काम रेंगाळलं होतं, आणि संध्याकाळी टोळीतल्या बाया येऊन बसायच्या. मनकर्णाबाईनं एकेकीला विचारलं, खोटं बोलायचं नाही म्हणून बजावलं, आणि आणखी दोघींनी खाली मान घालून कबूल केलं. त्यांना तिनं दुसऱ्याच दिवशी सोनियाबरोबर शहरात धाडलं. गोळ्यांची पट्टी तिनं सगळ्यांदेखत उकिरड्यात पुरली. मी माझ्या हातानं तुम्हाला हे चारत होते, असं म्हणताना तिला रडू आलं आणि तिनं ते लपवलं नाही.

पुढच्या खेपेला प्रोटीन उतरलेलं आलं. पुरतं नाही, पण उतरलेलं. सकाळच्या वेळेत काम करा, दुपारचं ऊन टाळा, पाणी पीत राहा, म्हणून डॉक्टरीणबाईंनी सोडलं. पाणी पीत राहा, हे सांगायला सोपं. मनकर्णाबाई गाडीत खिडकीपाशी बसून वैजापूर येईपर्यंत त्याच एका गोष्टीचा विचार करत राहिली.

दुसऱ्या दिवशी पहाटे टोळी रानात उतरली. ऊन चढायला लागलं तशी मनकर्णाबाई बद्रीनाथपुढं जाऊन उभी राहिली. बांधाला हिरव्या जाळीचा आडोसा हवा, पाण्याचा ड्रम हवा, आणि ऊन डोक्यावर आलं की कलेपर्यंत टोळी सावलीला बसणार. बद्रीनाथ माणूस वाईट नव्हता, पण अशी मागणी त्यानं जन्मात ऐकली नव्हती. ट्रॅक्टरवरचे गडी खाली बघून हसायला लागले.

"आजपोहोत कुठल्या बाईला आडोसा लागला नाय मनकर्णाबाई. तुम्हालाच कसा लागाया लागला?"

"तुमच्या आईबी याच रानात खुरपत व्हत्या, बद्रीभाऊ," ती म्हणाली. "त्यांनाबी लागत व्हता. त्यांनी सांगितलं नाय, इतकंच."

गड्यांचं हसू तिथंच थांबलं. बद्रीनाथला राग आला आणि रागात तो म्हणून गेला की टोळ्यांना काय तोटा, दुसरी आणीन. आणा की, मनकर्णाबाई म्हणाली आणि बांधावर जाऊन बसली. वाफ्यातल्या बायांनी एकमेकींकडं बघितलं. एक उठली, दुसरी उठली, मग सगळं रान उठलं. उपटलेला कांदा उन्हात उघडा पडला होता. अजून थोडा वेळ गेला असता तर साल भाजून पांढरी पडली असती, आणि असला कांदा साठवणीच्या चाळीत टिकत नाही. बद्रीनाथनं एकदा वर सूर्याकडं बघितलं, एकदा खाली, आणि गड्याला घरी जाळी आणायला पिटाळलं. लांब त्या कोपऱ्यात बांधा, म्हणाला. नाय, मनकर्णाबाई म्हणाली, लांब बांधला तर कुणी जाणार नाय. जाळी विहिरीच्या अलीकडं, ट्रॅक्टरपासून हाकेच्या अंतरावर उभी राहिली. चार बांबू, एकावर एक दुहेरी जाळी, वरून मोकळी.

बारा वाजता बाया बाभळीखाली बसल्या. भाकरी खाल्ली. ड्रममधलं पाणी गार होतं, सगळ्या पोटभर प्याल्या. पण आडोशाकडं कुणी बघेना. ज्यासाठी एवढी लढाई केली, तो तिथं उन्हात उभा, आणि बायांच्या माना जमिनीत. इतक्या वर्षांची लाज, ती काय जाळी बांधल्यानं जाते होय? गडीही उगाच ट्रॅक्टरचं चाक तपासत त्याच बाजूला रेंगाळले होते. नवी नवरी सुलेखा तर मांड्या आवळून, ओठ चावून बसली होती.

मनकर्णाबाई उठली. तोंडाचा रुमाल सोडून तिनं खांद्यावर टाकला, म्हणजे कोण चाललंय हे साऱ्या रानाला दिसावं. भर उन्हात, भर रानातून, कापलेल्या वाफ्यांवरून ती सरळ चालत गेली. एक गडी खाकरला. ती थांबली, त्याच्याकडं बघितलं आणि तोंड तिकडं करा, एवढंच सांगितलं. त्यानं तोंड फिरवलं. मग बाकीच्यांनीही फिरवलं, आणि सगळ्यांत शेवटी बद्रीनाथनं.

लहानपणापासून ती रानात राबत आली होती, पण दिवसाउजेडी, सवडीनं, अशी ती पहिल्यांदाच बसली. बाहेर आली तेव्हा घामानं चेहरा निथळत होता आणि मान ताठ होती. ती बाभळीखालच्या बायांना म्हणाली, "उठा गं, बघता काय?"

आधी सुलेखा उठली. मग तिच्या मागं एक, तिच्या मागं आणखी दोघी. मनकर्णाबाईनं ड्रममधून तांब्या भरला, उभ्यानंच सगळा प्याला, आणि दुसरा भरायला वाकली.